जटांबाचा आठवडा

आमच्या गुलमोहर कॉलनीत राजमाता व्हायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते पद माझ्याकडे आलं.

तुम्ही 'निळकोंडा' ही मालिका बघत नसाल, तर तुम्ही श्रीगोंद्याचे नाही, एवढंच मी म्हणेन. संध्याकाळी साडेआठला आमच्या कॉलनीतल्या सगळ्या घरांतून एकदम शंख वाजतो, आणि पुढचा अर्धा तास कुणी गॅसवर दूध ठेवत नाही. गोष्ट साधी आहे. निळकोंडा नावाचं एक मंतरलेलं खोरं. त्यात हरवलेली राजकन्या स्वर्णरेखा, ती रडते. तिला शोधायला आलेला राजपुत्र अग्निकेतू. तो अंगात काही घालत नाही. त्याची आई राजमाता. ती 'पुत्रा, सांभाळ' म्हणते आणि खांब धरते. आणि खोऱ्याच्या तोंडाशी हातात काठी घेऊन राखण करणारी, निळ्या तोंडाची, जटांची आणि शिंगांची राक्षसीण, जटांबा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा काहीतरी वेगळं करू, असं मंडळाच्या अध्यक्ष राजेश्वरीताईंच्या मनात आलं. त्यांनी ग्रुपवर टाकलं की प्रत्येकीनं 'निळकोंडा'मधल्या आपल्या आवडत्या पात्राच्या वेशात यावं. तासाभरात अर्धी कॉलनी स्वर्णरेखा झाली. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या सुरेखाताईसुद्धा स्वर्णरेखा झाल्या. उरलेल्या अर्ध्या कॉलनीनं 'स्वर्णरेखेची सखी' असं लिहिलं. मग राजेश्वरीताईंचा मला फोन आला.

"सत्यशीलाताई, तुम्ही राजमाता करा. तुम्हाला शोभेल. पांढरा शालू आहे ना तुमच्याकडे?"

माझं वय एकावन्न. राजेश्वरीताईंचं त्रेपन्न, आणि त्या स्वर्णरेखा होत्या. यावर मला काही म्हणायचं नाही.

"माझं आवडतं पात्र जटांबा आहे," मी म्हणाले.

"अहो, पण हळदीकुंकू आहे. त्यात राक्षसीण कशी चालेल? तिला कुंकू कुठं लावायचं?"

"कपाळ तिलाही आहे."

जटांबा मला का आवडते, हे मला तोपर्यंत कुणी विचारलं नव्हतं आणि नंतरही विचारलं नाही, म्हणून इथं सांगते. जटांबा कुणासाठी चहा करत नाही. ती खोऱ्याच्या तोंडाशी पाय पसरून बसते. भूक लागली की खाते, राग आला की ओरडते, आणि 'आपण रागावलात का?' असं कुणी विचारलं तर 'हो' म्हणते. मी पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहे. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न रोज विचारला गेलाय आणि मी रोज 'छे, छे' म्हणत आलेय. त्यामुळे त्या 'हो'चं मोल मला कळतं.

तरीही मी कदाचित माघार घेतली असती. मी फार भांडखोर बाई नाही. पण संध्याकाळी राजेश्वरीताईंनी ग्रुपवर लिहिलं, 'काही भगिनींनी वयाचा व प्रसंगाचा विचार करून पात्र निवडावे ही नम्र विनंती.' खाली सतरा जणींनी हात जोडले होते. त्या रात्रीच मी ताग आणून जटा वळायला बसले.

आमच्या घरात तीन माणसं. मी, माझे यजमान हनुमंतराव आणि माझ्या सासूबाई गोजरबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्या पाथर्डीकडच्या. टीव्हीतलं त्यांना सगळं कळतं, पण त्या क्वचितच बोलतात. मी जटा वळताना त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पीळ उलटा देतीस. दे इकडं." आणि उरलेल्या जटा त्यांनीच वळल्या.

राहिलं तोंड. त्यासाठी मी शनिवारी, कार्यक्रमाच्याच दिवशी, दुपारी स्टँडजवळच्या वैजनाथ पेंटरकडं गेले. फ्लेक्स आल्यापासून वैजनाथचं पाट्या रंगवायचं काम बसलं. आता तो गणपती रंगवतो, पोळ्याला बैल रंगवतो आणि जत्रेतल्या नाटकांना तोंडं रंगवतो. या तीन धंद्यांसाठी तो तीन वेगवेगळे रंग ठेवत असेल, असं मी गृहीत धरलं. माझी चूक म्हणायची असेल तर एवढीच.

"चार तास टिकेल ना रे?"

"ताई, बिनघोर ऱ्हावा. घामानं जायचा न्हाई, पान्यानं जायचा न्हाई."

त्यानं पहिला हात दिला, पंख्याखाली वाळवला, दुसरा हात दिला. तोंड थोडं आवळल्यासारखं वाटलं, पण जटा आणि शिंगं चढवून आरशात पाहिलं आणि माझंच मन भरून आलं. हुबेहूब जटांबा होती.

"कसला रंग आहे रे हा? छान बसलाय."

"पोळ्याचा उरल्याला हाय. शिंगांचा. लई टिकाऊ. आजवर एका बैलानं तक्रार केली न्हाई."

हे त्यानं दुसरा हात वाळल्यावर सांगितलं.

हनुमंतराव स्कूटर घेऊन बाहेर उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हेल्मेट पुढं केलं, मग शिंगांकडे बघून परत घेतलं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातानं जटा सावरत मी मागं बसले. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आयुष्यात कधी कुणाला वाट देत नाही. त्या दिवशी एक ट्रॅक्टर माझ्यासाठी रस्ता सोडून खाली उतरला.

मंगल कार्यालयाला कुलूप होतं.

मी राजेश्वरीताईंना फोन लावला. "अहो, ग्रुपवर टाकलं होतं की दुपारी," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम पुढच्या रविवारी नेलाय. वहिनीसाहेब यायच्यात."

दुपारी माझा फोन पिशवीत आणि तोंड पंख्याखाली होतं. वहिनीसाहेब म्हणजे हनुमंतराव ज्या साखर कारखान्यात शेती विभागात काम करतात, त्या कारखान्याच्या अध्यक्षांची पत्नी.

"आणि ते पात्रांचं आता रद्द बरं का," राजेश्वरीताई म्हणाल्या. "त्यांच्यासमोर बरं दिसत नाही. सगळ्यांनी पैठणी नेसायचीय. तुम्ही कुठं आहात?"

"घरीच आहे," मी म्हणाले. जटांबा खोटं बोलत नाही, पण त्या क्षणी मला तेवढं जमलं नाही.

घरी येऊन साबण लावला. फेस पांढरा आला, पांढराच वाहून गेला. खोबरेल तेल लावलं. निळ्याला चकाकी आली. तोवर शेजारच्या लीनाला खिडकीतून दिसलं आणि तिनं आपल्याकडची मेकअप काढायची बाटली आणली. ती कापसानं पुसत राहिली आणि कापूस स्वच्छ निघत राहिला. "काकू, कंपनी चांगली आहे हो," ती म्हणाली. मला तरी कंपनीबद्दल शंका नव्हती. समोरचे निवृत्त मुख्याध्यापक श्रीमंत सर फाटकातून म्हणाले की घासलेट लावा. घासलेट मिळायचं कधीच बंद झालंय, हे सांगितल्यावर ते 'मग देश कसा चालायचा' या विषयाकडे वळले. सुरेखाताईंनी वॉकरवरून निरोप आणला की डाळीचं पीठ, दही आणि भरपूर हळद. हा उपाय मात्र लागू पडला, म्हणजे हळद रंगात मुरली. रात्री मी कोथिंबिरीच्या वडीच्या रंगाची झाले होते. सकाळपर्यंत हळद उतरली आणि खालचा निळा पुन्हा ताजातवाना दिसायला लागला.

"खरवडू नको," आत्या म्हणाल्या. "कातडं जाईल, रंग न्हाई जायचा. त्येचा त्यो जाईल आठ दिसांनी."

रविवारी दिवसभर लोक साखर, विरजण आणि स्क्रू ड्रायव्हर मागायला आले. स्क्रू ड्रायव्हर मागायला तिघं आले. सगळ्यांनी दिवाणखान्यात डोकावून बघितलं आणि सगळ्यांनी जाताना एकच सांगितलं, "आता आठ दिवस बाहेर पडू नका." मी विचार करत होते की मी नेमकं काय केलंय. कुणाला लुबाडलं नाही, कुणाच्या भिंतीला भिंत लावली नाही. कार्यक्रमाला सांगितलं होतं तसं तोंड रंगवलं. कार्यक्रम पळाला, त्यात तोंडाचा काय दोष.

"उद्या रजा टाक," हनुमंतराव म्हणाले.

"कारण काय लिहू?"

"ताप लिही."

"ताप मला आलेला नाही," मी म्हणाले, आणि सोमवारी डबा घेऊन ऑफिसला गेले.

आमच्याकडे हल्ली हजेरी तोंडावर लागते. मोबाईलसमोर तोंड धरायचं, ॲप ओळखतं, आणि हजेरी लागते. मी तोंड धरलं. ॲप म्हणालं, 'चेहरा जुळत नाही.' चष्मा काढला. 'चेहरा जुळत नाही.' उजेडात गेले. ॲपनं 'कृपया व्यक्तीचा चेहरा दाखवा' असं लिहिलं, आणि हे मात्र मला लागलं.

गटविकास अधिकारी साहेबांनी बोलावून घेतलं. माणूस भला आहे, पण ॲपला फार मानतो.

"मॅडम, आज तुम्ही गैरहजर आहात."

"साहेब, मी तुमच्या समोर बसलेय."

"ते मला दिसतंय. ॲपला दिसत नाही." त्यांनी माझ्याकडे न बघता पेपरवेट फिरवला. "हे जाणार कधी?"

"बैलाचं सात-आठ महिने राहतं म्हणतात. माणसाचं माहीत नाही."

त्यांनी आमचा कंत्राटी संगणकवाला कानिफनाथ याला बोलावलं. कानिफनाथ कधीच कशानंही दचकत नाही. त्याचा पगार तीन महिने उशिरा येतो. त्यानं मला खुर्चीत बसवलं, ॲप उघडलं आणि म्हणाला, "नवा चेहरा नोंदवावा लागंल. चेहरा बदलायचं कारन निवडा. अपघात, शस्त्रक्रिया, इतर."

"इतर."

"मंजुरी नगरहून येईल. तवर तुमी हाय बी अन न्हाई बी."

त्यानं फोटो काढला. मी हसले नाही. जटांबा हसत नाही.

बुधवारी नगरहून मोठे साहेब आढाव्याला येणार होते. आमचे साहेब मंगळवारी संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, जे ते एरवी करत नाहीत, आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, उद्या दुपारपर्यंत रेकॉर्ड रूममध्ये बसता का? पंखा लावून देतो."

रेकॉर्ड रूममध्ये मोडक्या खुर्च्या, दोन निवडणुकांच्या पेट्या आणि एक मुंगूस असतं. मी म्हणाले, "साहेब, मी रंगवलेली आहे, मोडलेली नाही. मी माझ्या जागेवर बसेन."

"आपण रागावलात का?"

"हो," मी म्हणाले.

तो शब्द तोंडातून इतका सहज बाहेर पडला की माझं मलाच नवल वाटलं. साहेब 'बरं' म्हणून गेले. छत कोसळलं नाही. माझी सहकारी टाइप करायची थांबली होती, तिनं पुन्हा सुरू केलं.

बुधवारी बैठक झाली. मी दुसऱ्या रांगेत बसले. मोठे साहेब घरकुलं, पाणीपुरवठा, शाळाखोल्या सगळ्यांवर बोलले; माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि पाणी प्यायले. बाकीची मंडळी मला नजरेनं वळसा घालून भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती. बैठक संपली, सगळे उठले, आणि जाता जाता मोठे साहेब माझ्यापाशी थांबले.

"जटांबा का?"

"हो साहेब."

त्यांनी मागं बघून आवाज उतरवला. "सोमवारचा भाग हुकला माझा. मंत्रालयाची व्हिडिओ मीटिंग होती. तिनं अग्निकेतूला आत सोडलं का?"

"नाही साहेब. पुलावरून परत पाठवला."

"बरं केलं," ते म्हणाले आणि गाडीकडे गेले.

गुरुवारी सकाळी माझ्या नव्या चेहऱ्याला मंजुरी आली. एरवी जन्मतारखेतली चूक दुरुस्त व्हायला माणूस निवृत्त होतो. ॲपसमोर तोंड धरलं आणि हजेरी लगेच लागली. शासनाच्या लेखी मी आता निळी होते.

इकडे घरात मात्र वातावरण बरं नव्हतं. हनुमंतराव गेली आठ वर्षं शेतकी अधिकारी या पदाची वाट बघत होते, आणि ते पद आता रिकामं होणार होतं. ते मुळात शांत गृहस्थ आहेत. पण गुरुवारी रात्री जेवताना ते ताटाकडे बघून म्हणाले, "सत्यशीला, रविवारी तू जाऊ नकोस."

"का?"

"वहिनीसाहेब येणार. त्यांनी घरी जाऊन सांगितलं की आपल्या शेती विभागातल्या अमक्याची बायको अशी अशी दिसते, तर?"

"तर काय? ऊस कमी गाळतील?"

"तुला गंमत वाटते. माझी आठ वर्षं आहेत त्यात."

ते खोटं बोलत नव्हते. मी जाणार नाही असंही म्हणाले नाही, जाईन असंही नाही. रात्री आत्यांनी वाटीत साजूक तूप घेतलं, मला भिंतीला टेकून बसवलं आणि तोंडाला चोळत राहिल्या. त्यांचे हात खरखरीत आहेत. माहेरी-सासरी त्यांनी बरंच काही तोडलंय आणि उचललंय. "गप बस," एवढंच त्या म्हणाल्या. मी गप बसले.

शुक्रवारी सकाळी रंग सोडायला लागला. आधी कानाजवळून, मग कपाळावरून, दुधावरच्या सायीसारखे पापुद्रे निघाले. ऑफिसला पोचले तेव्हा मी अर्धी मी होते. ॲप म्हणालं, 'चेहरा जुळत नाही.' कानिफनाथनं बघितलं, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "बसा. परत इतर."

संध्याकाळपर्यंत तोंड स्वच्छ झालं. लीना आनंदानं ओरडत आली. श्रीमंत सरांनी फाटकातून हे घासलेटामुळंच झालं, असं सांगितलं. राजेश्वरीताईंचा फोन आला, "मग आता पैठणी कुठली नेसताय?" आणि मी खरं सांगते, मी म्हणाले, "हिरवी." दमले होते मी. आठवडाभर लोकांच्या नजरा झेलून माणूस दमतं. हनुमंतरावांनी जिलबी आणली. कशाबद्दल ते कुणी बोललं नाही, पण आम्ही तिघांनी खाल्ली. मग साडेआठ वाजले आणि शंख वाजला.

त्या दिवशीचा भाग तुम्ही बघितला असेल. अग्निकेतू जखमी होऊन खोऱ्याच्या तोंडाशी पडतो. जटांबा त्याच्यावर वाकते. त्याचा एक अश्रू तिच्या गालावर पडतो, आणि तिथून निळा रंग ओघळायला लागतो. गाल, मान, हात. पाच मिनिटं बासरी वाजते. जटा गळून पडतात, आणि आतून चंद्रप्रभा नावाची गोरीपान तरुणी निघते. तिला म्हणे शाप होता. ती हात जोडते, मान खाली घालते, आणि पहिलं वाक्य बोलते, 'स्वामी, आपण दमला असाल.' आणि पाणी आणायला जाते.

जाहिरात लागली.

"ही कोन?" आत्यांनी विचारलं.

"जटांबाच आहे ती, आत्या."

"व्हय?" त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "मग आता खोऱ्याची राखन कोन करनार?"

हे मालिकेतल्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटतं, ते लिहिणाऱ्याच्याही आलं नसावं.

"चांगलं झालं की," हनुमंतराव जिलबीचा कागद घडी करत म्हणाले. "सुटली बिचारी."

"कशातनं सुटली?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. प्रामाणिक माणूस आहे, खरंच विचार केला. मग स्कूटरला कुलूप लावलंय का ते बघायला गेले. आत्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. साडेआठचा भाग पुरा व्हायच्या आत आमच्या घरातला टीव्ही बंद झाल्याची ती पहिलीच वेळ.

रविवारी सकाळी मी वैजनाथच्या दुकानात गेले. मला बघून तो आधी आतल्या बाजूला गेला, मग बाहेर आला, आणि त्याच्या हातात एक नवी डबी होती.

"ताई, चुकलं माझं. ह्यो बगा, खास नगरहून आनला तुमच्यासाठी. नाटकाचा अस्सल. नुसत्या पान्यानं उतरतो. डोळ्याला पानी आलं तरी उतरतो."

"तो नको."

"मग?"

"शिंगांचा लाव."

वैजनाथनं माझ्याकडे बघितलं. "ताई, बैलालाबी वरसातनं एकदाच लावत्यात."

"लाव."

त्यानं लावला. पहिला हात, पंखा, दुसरा हात. पैसे घेईना. मी ठेवून आले.

घरी आले तेव्हा हनुमंतराव ओसरीवर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांची आठ वर्षं माझ्या तोंडावर होती. त्यांनी 'नको' म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. त्या पदाचं पुढं काय झालं ते इथंच सांगते, म्हणजे मध्ये लुडबूड नको: ते एका संचालकांच्या मेहुण्याला मिळालं, आणि ते ठरलं होतं दिवाळीतच, मी जटा वळायच्या कितीतरी आधी. पण त्या सकाळी आम्हाला दोघांनाही हे ठाऊक नव्हतं.

"मी तुला सोडायला येणार नाही," ते म्हणाले.

"बरं. मी चालत जाते."

मी जटा घातल्या, शिंगं बांधली, काठी घेतली. आत्यांनी मागची गाठ घट्ट केली. फाटकापर्यंत पोचले तर मागून स्कूटर आली.

"बस," हनुमंतराव समोर बघत म्हणाले. "आणि काठी आडवी धरू नको. कुणाला तरी लागेल."

मंगल कार्यालयाच्या दारावर मोठा फ्लेक्स होता. त्यावर राजेश्वरीताईंचा फोटो, त्याहून मोठा पाहुण्यांचा फोटो, आणि खाली 'प्रमुख उपस्थिती : मा. सौ. वहिनीसाहेब'. नाव नव्हतं. राजेश्वरीताईंनी म्हणे कारखान्यात तिघांना विचारलं, तिघांनी तीन नावं सांगितली, तेव्हा ती जोखीमच नको म्हणून त्यांनी एवढंच छापलं.

आत पैठण्यांचा पूर होता. राजेश्वरीताई अंजिरी पैठणीत दारातच भेटल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"सत्यशीलाताई, आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं."

"अहो, रंग गेला होता ना? लीनानं ग्रुपवर टाकलं होतं."

"गेला होता. पुन्हा लावला."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईटही वाटलं. आठवडाभर त्या एकट्याच अल्पोपाहार, मांडव, वाणाच्या वाट्या सगळं बघत होत्या. "मग निदान मागं उभ्या राहा," त्या म्हणाल्या. "फोटोत नको यायला." इतक्यात कुणीतरी आतून ओरडलं की अत्तरदाणीचं झाकण सापडत नाही, आणि त्या पळाल्या. खुर्च्या सगळ्या भरल्या होत्या. सुरेखाताईंच्या वॉकरनंच दोन जागा अडवल्या होत्या. मी दाराशी, आतल्या बाजूला, काठी टेकून उभी राहिले.

म्हणून असं झालं की पांढरी गाडी आली, दार उघडलं, प्रमुख पाहुण्या उतरल्या, पायऱ्या चढल्या, तेव्हा आरतीचं ताट, गुलाबपाणी आणि राजेश्वरीताई सगळं हॉलच्या त्या टोकाला होतं आणि दारात फक्त मी होते.

त्या माझ्याच वयाच्या होत्या. जड शालू, हातभर बांगड्या, आणि सकाळपासून हा तिसरा कार्यक्रम असावा असे डोळे. त्या थांबल्या. मीही थांबले. मला 'नमस्कार, या' म्हणायचं होतं, अगदी मनापासून. पण घाबरल्यावर माणसाच्या तोंडी जे पाठ असेल ते येतं. मी काठी आडवी धरली आणि जटांबाचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं, तेही तिच्याच आवाजात.

"थांब. नाव सांग. बापाचं नको, नवऱ्याचं नको. तुझं सांग."

ज्यांनी मालिका बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. खोऱ्यात शिरू बघणाऱ्या प्रत्येकाला जटांबा हेच विचारते. अग्निकेतूनं आपल्या घराण्याच्या सगळ्या पिढ्या म्हणून दाखवल्या, आणि दर वेळी तिनं त्याला परत पाठवलं.

पाठीमागे राजेश्वरीताईंच्या हातातलं ताट वाजलं. बाहेर फाटकाशी हनुमंतराव स्कूटर धरून उभे होते. त्यांनी डोळे मिटलेले मला दिसले.

"वहिनीसाहेब, माफ करा हं," राजेश्वरीताई धावत येत म्हणाल्या, "या जरा..."

पाहुण्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या माझ्या शिंगांकडे, जटांकडे, मग सरळ डोळ्यांत बघत होत्या. ओठ एकदा हलले आणि थांबले, कुलपात किल्ली अडकावी तसे.

"पुष्पावती," त्या म्हणाल्या.

राजेश्वरीताईंनी वळून फ्लेक्सकडे बघितलं.

"पुष्पावती," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. मग पदर सावरला. "आता आत येऊ का?"

मी काठी बाजूला घेतली.

"ये," मी म्हणाले.